हौसाचा जबाब

खांब गावाहून डोंगराकडे जाणारा रस्ता जिथे संपतो, तिथे साठ-सत्तर उंबऱ्यांचं एक गाव आहे. गावाच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगराला लोक गवतीचा डोंगर म्हणतात. आज त्या डोंगरावर गवत शोधावं लागतं. ऐन, किंजळ, खैर, कुसुम अशी झाडं गर्दी करून उभी आहेत, आणि मधूनच कुणी फूटपट्टीने आखाव्यात तशा सागाच्या रांगा. हौसा लग्न होऊन या गावात आली तेव्हा मात्र ते नाव खरं होतं.

हौसा मूळची जिते गावची. सतराव्या वर्षी सासरी आली. सासऱ्यांना सगळं गाव दाजी म्हणे. दाजींच्या शब्दाला गावात वजन होतं, आणि घरात तर त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. पण सुनेवर त्यांचा जीव होता. बांधावर बसून ते तिला डोंगराची हकिकत सांगत. त्यांच्या आज्याच्या वेळी तिथे एवढं रान होतं म्हणे, की दिवसाही एकटा माणूस वर जायला धजत नसे. मग कोळशाचे ठेकेदार आले, भट्ट्या लागल्या. डोंगराचा कोळसा झाला आणि गलबतांत भरून मुंबईला गेला. उघड्या पडलेल्या डोंगरावर गवत माजलं, तर त्यालाही मुंबईनेच गिऱ्हाईक दिलं. तिथल्या तबेल्यांतल्या म्हशी रायगडच्या गवतावर दूध देत. दिवाळी झाली की सगळं गाव विळे घेऊन डोंगरावर चढे. गवताच्या गंज्या रचायच्या, गाठी बांधायच्या, ट्रकात चढवायच्या. खाडीकडचे नासिरभाई हा व्यापार बघत आणि कापणीला येतील तितकी माणसं कामाला लावत.

गवताच्याही वर, कातळाच्या खाली, कातकरी वाडीतल्या चार-सहा घरांच्या दळ्या होत्या. दळी म्हणजे डोंगरउतारावरचा लहानसा तुकडा, घरापुरती नाचणी-वरी पिकवायचा. त्यातली एक सखाची. तिथले दगड वेचून बांध घातला होता त्याच्या बापाने. सखाची बायको सोमी हौसाच्याच वयाची. कापणीला दोघी शेजारी-शेजारी असत. हौसाला डोंगर माहीत नव्हता, तो तिला सोमीने दाखवला. कुठला कंद उकडून खायचा, कुठला रात्रभर पाण्यात ठेवल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही, कुठल्या खाचेत चैत्रातसुद्धा पाणी असतं, हे सगळं. हौसाचा पहिला मुलगा अक्षय तापाने फणफणला होता, तेव्हा सोमी कसलीशी साल उगाळून घेऊन दारात आली होती. आत काही आली नाही. त्या काळी तिला कुणी आत बोलावत नसे.

वणवा लागला त्याला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली. चैत्र चालू होता. भाताच्या रोपासाठी राब भाजायचे दिवस. शेण, ऐनाच्या वाळक्या फांद्या, पातेरा, वरून मातीचा थर, अशी वाफ्यावर थप्पी लावून ती सावकाश जाळायची, की जमीन तयार होते. हे काम सकाळी, वारा पडलेला असताना करायचं आणि राख निवेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे पोरासोरांनाही माहीत होतं. दाजींनी तसंच बजावलं होतं. डोंगराकडच्या वाफ्याचा राब उद्या पहाटे भाजायचा, असं सांगून ते हौसाच्या नवऱ्याला घेऊन कोलाडच्या बाजाराला गेले.

पण उद्या हौसाच्या धाकट्या बहिणीची हळद होती. राब उद्यावर ठेवला तर निघायला दुपार होणार, आणि हळद तिच्याशिवाय लागणार. तिने हिशेब केला, की आज दुपारीच भाजून टाकू आणि तिन्हीसांजेच्या आत जिते गाठू. ऊन टळटळीत होतं. वारा फार नव्हता, निदान तिला तसं वाटलं. थप्पी जळून खाली बसली. तिने फांदीने कडा झोडपल्या, दोन हंडे पाणी ओतलं, अक्षयला कडेवर घेतलं आणि एसटी पकडायला पळाली.

गाडी वळणावर आली तेव्हा तिने खिडकीतून मागे पाहिलं. डोंगराच्या पायथ्याशी धूर होता. चैत्रात धूर कुठे नसतो, असं तिने मनाशी म्हटलं. पुढच्या वळणाला डोंगर दिसेनासा झाला. त्या संध्याकाळी तिने जित्याला पोहोचून हात मेंदीने रंगवले, दुसऱ्या दिवशी बहिणीला हळद लावली, गाणी म्हटली.

परत आली तेव्हा डोंगर काळा होता. खालपासून कातळापर्यंत. नासिरभाईंच्या ट्रकाची वाट बघत उभ्या असलेल्या गंज्या गेल्या होत्या, वरच्या दळ्यांवरच्या खोपी गेल्या होत्या. तीन बैल होरपळले होते. लोक अंगणात जमले होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं. सखा मध काढायला गेला असणार, पोळ्याला धूर केला असणार, तिथूनच पेटलं. कातकऱ्याला आगीची काय पर्वा.

दाजी तिला वाफ्यावर घेऊन गेले. थप्पीची राख होती, आणि राखेच्या वरच्या कडेपासून एक काळी जीभ सरळ डोंगरात शिरलेली. आंधळ्यालाही कळलं असतं.

"दाजी, मी त्या दिवशी दुपारीच…"

"तू पाणी घालून गेलीस," दाजी म्हणाले. "सगळा राब विझवून गेलीस. तुला आठवत नसलं तरी विझवून गेलीस. कळलं?"

मग त्यांनी कुदळ मागवली आणि ती काळी जीभ स्वतःच्या हाताने खणून काढली.

त्याच आठवड्यात गाव बसलं. हौसा घरातच होती. बायकांना अशा बैठकीत जायची रीत नव्हती, आणि रीत असती तरी ती गेली असती असं नाही. सखा काय बोलला ते तिला कुणी सांगितलं नाही. एवढंच कळलं, की नासिरभाईंनी त्याला कामावर घ्यायचं बंद केलं आणि गावाने त्याला डोंगरावर पाय ठेवायची बंदी केली. सखा आणि सोमी दोन लेकरं घेऊन कोळशाच्या ठेकेदाराबरोबर घाटावर निघून गेले. जाताना ते हौसाच्या दारावरूनच गेले. सोमीने वळून बघितलं. हौसा चुलीपुढे बसून राहिली.

पुढच्या वर्षी गवत पुन्हा आलं, पण हौसाला ते बघवेना. माघ लागला तशी ती एकटीच विळा-खराटा घेऊन डोंगराच्या पायथ्याला गेली आणि वाफ्यांच्या कडेने दहा हात रुंदीचा पट्टा साफ करू लागली. गवत कापायचं, पातेरा झाडून काढायचा, म्हणजे खालची आग वर चढत नाही. जाळरेषा म्हणतात तिला. नवऱ्याने विचारलं, सासूने टोमणे मारले. बायका म्हणाल्या, हिला काय डोंगर आंदण मिळालाय? तिसऱ्या वर्षी मात्र दाजीच न सांगता तिच्याबरोबर गेले. त्या गोष्टीविषयी दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. पुढे दाजी वारले, आणि खरं जाणणारी आपण एकटीच उरलो असं हौसाला वाटलं.

दरम्यान दिवस पालटले. मुंबईतले तबेले कमी झाले, गवताला कुणी विचारीना. नासिरभाईंची मुलं आखातात गेली, वखारीला कुलूप लागलं. गावातली पोरं कोलाडच्या, डोलवीच्या कंपन्यांत शिफ्टला जाऊ लागली. अक्षयही डोलवीला कंत्राटावर लागला. घरोघरी गॅस आला, लाकडासाठी कुऱ्हाड चालेनाशी झाली. गवत कापणारं कुणी नाही आणि आगही नाही, तेव्हा जळक्या बुंध्यांना धुमारे फुटले. पाच-सात वर्षांत डोंगर हिरवा झाला, पंधरा वर्षांत त्यात सावली आली. आटलेला झरा मार्गशीर्षापर्यंत वाहू लागला. हौसाच्या मागे आता दहा-बारा बायका जाळरेषा काढायला येत. शाळेतल्या गुरुजींनी तिचा सत्कार केला, शाल पांघरली. ती शाल तिने कधी अंगावर घेतली नाही. सुनेने विचारलं तर म्हणाली, बोचते गो.

सखा-सोमी चार वर्षांनी परत आले होते. दळीवर तोवर वनखात्याने साग लावलेला होता. सखाने सागाच्या कडेचा उरलेला अर्धा तुकडा पुन्हा नांगरला आणि गुपचूप नाचणी करू लागला. हौसा आणि सोमी रस्त्यात भेटत. हौसा हसायला बघे, सोमी बाजूने निघून जाई.

मग वनहक्काचे दावे आले, पिढ्यानपिढ्या कसलेली रानातली जमीन नावावर करून घ्यायचे. गावाने डोंगरावर सामूहिक दावा करायचं ठरवलं. वाडीतल्या लोकांचे दळ्यांसाठीचे वैयक्तिक दावेही ग्रामसभेपुढे यायचे होते. हौसाची सून रोहिणी वनहक्क समितीत होती. चार बुकं शिकलेली, कामाला वाघ. ओसरीवर नकाशे पसरून ती अर्ज भरत बसे. एका दुपारी सहज म्हणाली, "आई, सखाबाबांचं अवघड दिसतंय. दळी आधीपासून कसतात याचा कागद नाय त्यांच्याकडे. म्हाताऱ्या माणसाचा जबाब चालतो, पण त्यांच्या बाजूने द्यायला कोण तयार नाय. त्यांनीच ना तो वणवा लावलेला?"

हौसा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "कोण सांगतं तुला?"

"सगळेच सांगतात."

पस्तीस वर्षं हौसाने स्वतःला समजावलं होतं, की आपण जाळलं त्याच्या दहापट रान राखलं, फेड झाली. पण डोंगराची फेड डोंगराला झाली होती. सखाची दळी होती तिथेच होती.

ग्रामसभा शाळेच्या पडवीत भरली. सखाचं नाव निघालं तसा माजी सरपंच निलेश उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, ज्याने डोंगर जाळला त्यालाच डोंगराचा तुकडा द्यायचा, तर मग राखणाऱ्यांनी काय करायचं? आमच्या हौसाकाकींसारख्यांनी? वणवा लागला तेव्हा निलेश पाळण्यात होता. लोकांनी माना डोलावल्या. सखा मागे खांबाला टेकून बसला होता. त्याने मान वरसुद्धा केली नाही. हे ऐकायची त्याला सवय झाली असावी.

हौसा उठली. गुडघे दुखत होते म्हणून भिंतीचा आधार घेतला.

"वणवा मी लावला," ती म्हणाली. "वरच्या वाफ्याचा राब भर दुपारी भाजला आणि माहेरी हळदीला गेले. दाजींना ठाऊक व्हतं. सखाची दळी त्याच्या बापापासूनची हाय, बांध मी स्वतः बघितलाय, तिथली नाचणी खाल्लीय. हे सगळं कागदावर लिही, रोहिणी. मी सही करते."

रोहिणीच्या हातातलं पेन तसंच राहिलं. निलेश काहीतरी बोलायला गेला, की काकी, म्हातारपणी भलतंच मनात घेऊन बसलात. हौसाने त्याला हाताने थांबवलं आणि सखाकडे वळली. तिला वाटलं होतं, तो आता चकित होईल, रागावेल, काहीतरी होईल. सखा शांत होता.

"मी तवाच सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "वरून मला दिसला ना धूर, तुमच्या वाफ्यातून निघालेला. बैठकीत सांगितलं. दाजी बोलले, खोटं बोलतो. मग कोण ऐकतंय."

एवढी वर्षं हौसाला हे माहीत नव्हतं. तिचा समज होता की सखालाही आग कुठून आली ते ठाऊक नाही. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून सोमीचा आवाज आला. बारीक, पण स्वच्छ. ती म्हणाली, घाटावरच्या भट्टीवर आमची धाकटी गेली, तीन वर्षांची होती, हेही लिहा. रोहिणीने ते लिहिलं. दाव्याला त्याचा उपयोग नव्हता, तरी लिहिलं.

ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत निलेश शेवटचा, पण त्यानेही केला. घरी मात्र वातावरण बिघडलं. अक्षयने आठ दिवस आईशी बोलणं टाकलं. मेलेल्या आजोबांना गावापुढे खोटं पाडलंस, म्हणाला. दाजी तिलाही आवडत होते, हे तिने त्याला सांगून काय कळणार होतं. रोहिणी मात्र सासूच्या ताटात भाकरी वाढताना पूर्वीसारखीच वाढत राहिली, आणि हौसाला तेवढं पुष्कळ होतं.

दळी मोजायला समिती वर गेली तेव्हा हौसाही गेली, वाटेत तीनदा बसत. सागाच्या पानांखाली सखाच्या बापाचा बांध दोन ठिकाणी उघडा निघाला. सोमी तिथे होती. हौसा तिच्याजवळ गेली आणि माफी मागायला लागली. सोमीने ऐकून घेतलं.

"माफ करायला माझं मन नाय होत गो," ती शेवटी म्हणाली. "तू बोललीस ते बरं केलंस. पण मन नाय होत."

"नको करूस," हौसा म्हणाली.

दोघी तिथेच, हातभर अंतर ठेवून, मोजणी संपेपर्यंत बसून राहिल्या.

दीड वर्षाने दळीचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, आला. मागितलं त्यापेक्षा कमी क्षेत्र मंजूर झालं होतं, साग असलेला भाग वगळून. उरलेल्यासाठी अपील करायचं समितीने ठरवलं. रोहिणीने घरी येऊन तो कागद कसा होता ते सांगितलं, शिक्का कुठे, सही कुठे. हौसाने एकच गोष्ट विचारली, की नाव एकट्या सखाचंच आहे का.

"नाय आई, दोघांचं हाय. सोमीमावशीचं पण. तिने मला दोनदा वाचायला लावलं."

हौसाने मान हलवली, आणि सूप पुढे ओढून पुन्हा तांदूळ पाखडायला घेतले.