परिचय मिनलकडे, आभार पुष्पलताकडे

कल्पना करा, तुमच्या गावात एक लेखक येणार आहे आणि सगळ्यांसमोर त्याची ओळख तुम्हाला करून द्यायची आहे. जन्म कुठला, पुस्तकं कोणती, पुरस्कार किती, हे सांगून तुम्ही मोकळे व्हाल. मोहटेकडीत तसं चालत नाही. पारशिवनीच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या या लहानशा गावात लेखकाच्या आधी त्याचं पुस्तक येतं आणि महिनाभर घरोघर फिरतं. ज्याला वाचता येत नाही त्याला कोणीतरी वाचून दाखवतं. मग परिचय करून देणाऱ्यानं दारोदार जायचं, कोणाला काय वाटलं ते विचारायचं आणि कार्यक्रमात लेखकाच्या तोंडावर सांगायचं. त्याला 'गावाचं म्हणणं' म्हणतात. नागपूरचे लेखक एवढा घाट चढून येतात ते त्यासाठीच.

हे गावाचं म्हणणं आजवर सांगत आली ती पुष्पलता. शाळा सातवीपर्यंत, धंदा ब्लाउज शिवण्याचा. माप घेता घेता ती बायकांच्या पोटातलं काढून घ्यायची. माईक हातात आला की तिचा आवाज असा लागायचा, की पलीकडच्या ढाण्यावरची, म्हणजे वाडीवरची, माणसंसुद्धा ऐकायची. जाताना लेखक तिचं नाव विचारायचे. तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

यंदा वाचनालयाच्या बैठकीत अध्यक्ष भैय्याजी म्हणाले, "परिचय या वेळी मिनल करते. नवीन माणसाले संधी द्याले पाहिजे. पुष्पाताई, तुम्ही आभार सांभाळा."

आभार! आभार सुरू झाले की लोक चपला शोधायला लागतात. मागे मसालेभाताच्या गंजावरचं झाकण निघतं, वास सुटतो आणि बोलणाऱ्याकडे बघायला कोणी उरत नाही. पुष्पलता हसून "बरं" म्हणाली आणि घरी येऊन तिनं मशीनचं पायडल असं दामटलं की दोरा तीनदा तुटला.

मिनल कामठीची. मागच्या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, एम.ए. झालेली. मोबाईलवर पुस्तकं वाचायची. दिसली की "काकू, जेवण झालं का?" म्हणायची. वाईट एवढंच, की तिच्यात नाव ठेवायला काही सापडत नव्हतं. पुष्पलतानं पुष्कळ शोधलं.

"भाजीत मीठ नाही वं आज," संध्याकाळी वामनराव, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला.

"मिनलच्या हातची खा. तिचं सगळंच गोड लागते गावाले."

"मले काहून बोलून राहिली? म्या थोडीच तुह्या हातचा माईक घेतला!"

पुस्तक फिरलं. डोंगरातल्या एका बाईची कादंबरी होती. नवरा तिला टाकून शहरात दुसरा संसार थाटतो, म्हातारपणी परत येतो आणि ती त्याला पाणी देते. गाव ढसाढसा रडलं. आणि सवय अशी, की जो तो आपलं म्हणणं पुष्पलतालाच सांगून गेला. मिनल दारात आली की लोक म्हणायचे, "सांगतलं ना वं पुष्पाताईले."

म्हणून एका दुपारी मिनल तिच्याकडे आली. "काकू, तुम्हाला सगळ्यांनी सांगितलंय. मला सांगा ना, मी काय बोलू?"

पुष्पलताच्या तोंडाशी खरं आलं होतं, की सगळ्यांना आवडलं. पण मिनलच्या हातातल्या कोऱ्या करकरीत पेनकडे तिचं लक्ष गेलं आणि आतून काहीतरी उसळलं. पुस्तक आवडलं नव्हतं ते गावात एकटीला, तिलाच. तेच तिनं दुसऱ्याच्या नावावर खपवलं.

"प्रयागबाई काय म्हणाली माहीत आहे? म्हणे, एवढं जाड पुस्तक, नवऱ्यानं दुसरी केली, आणि या बाईले एकदाही त्या दुसरीचा हेवा वाटत नाही? अशी बाई कुठं असते? मले तर शेजारणीच्या नळाले धार मोठी आली तरी झोप येत नाही. म्हणे, लेखकाले बाई कळलीच नाही."

प्रयागबाईचं नाव तिनं विचार करून घेतलं होतं. म्हातारी शेळ्यांमागे असायची, कार्यक्रमाला कधी फिरकायची नाही. पुस्तक तिला पुष्पलतानंच वाचून दाखवलं होतं, आणि ऐकून ती "बरं आहे" एवढंच म्हणाली होती. आता मिनल हे बोलेल, लेखक नाराज होईल, भैय्याजी कपाळाला हात लावतील आणि पुढच्या वर्षी माईक आपल्या हातात परत येईल, असा पुष्पलताचा हिशेब होता.

कार्यक्रमाच्या दिवशी ती मंडपात आली आणि जागच्या जागी थबकली. पहिल्याच रांगेत, धुतलेलं लुगडं नेसून प्रयागबाई बसली होती. मिनलनं स्वतः जाऊन तिला आणलं होतं. इतकं चांगलं बोलणाऱ्या बाईनं पुढे बसायला नको का?

मिनल उभी राहिली. सुरुवातीला आवाज कापला, पुष्पलताला बरं वाटलं. मग मिनलनं ते सगळं सांगितलं, नळाच्या धारेसकट. मंडपात हशा पिकला. भैय्याजींचा चेहरा पडला. आणि लेखक खुर्चीत पुढे सरकले. भाषणाचे कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "हे मला माझ्या संपादकानंसुद्धा सांगितलं नाही. कोण म्हणालं हे?"

मिनलनं पहिल्या रांगेकडे बोट केलं.

पुष्पलता अर्धी उठली आणि परत खाली बसली. उठून "मी म्हटलं" म्हणावं, तर खोटं उघडं पडत होतं. गप्प बसावं, तर म्हातारी आता सगळ्यांसमोर "म्या कधी म्हटलं वं?" म्हणणार होती.

प्रयागबाईनं मान वळवली. मागे बसलेल्या पुष्पलताकडे क्षणभर पाहिलं. मग लेखकाला म्हणाली, "हो गा बाप्पा, म्याच म्हटलं. खोटं आहे का?"

टाळ्या पडल्या. लेखक व्यासपीठावरून उतरले, तिच्याशेजारी बसले आणि तासभर गावाशी बोलत राहिले. कधी नव्हे ती प्रश्नांची झड लागली. जाताना त्यांनी मिनलचं कौतुक केलं आणि चहा प्रयागबाईच्या ओसरीवर घेतला. पुष्पलतानं आभार मानले तेव्हा अर्ध्या लोकांच्या हातात पत्रावळी होत्या. प्रयागबाईचे विशेष आभार मानताना तिची जीभ जड झाली. आधी एकीचा हेवा होता, आता दोघींचा झाला. आणि वाक्य तर तिचं स्वतःचं होतं!

त्यानंतर प्रयागबाई गावभर ते वाक्य सांगत फिरते, आपल्या पदरचे चार शब्द घालून. परवा तीच ब्लाउजचं माप द्यायला आली. पुष्पलतानं टेप खांद्यावर धरली, विचारायला तोंड उघडलं आणि बंद केलं. विचारणं म्हणजे कबूल करणं.

"काय वं पुष्पे, बोलत नाही?"

"काही नाही. हात वर करा."

म्हातारीनं हात वर केला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की नव्हतं, तेही नीट कळलं नाही. ती गेली तरी पुष्पलता टेप हातात धरून तशीच बसली. त्या दिवशी म्हातारीनं 'हो' काहून म्हटलं? आपल्याला झाकायला, लेखकाशेजारी बसायला मिळावं म्हणून, की पुस्तक ऐकताना तिच्याही मनात नेमकं तेच आलं होतं?