गाडी दोन इंच खाली

मला गाडी चालवता येत होती, थांबवता येत नव्हती. हसू नका. साडेसहाशे सीसीची स्पोर्ट टूरर मोटारसायकल, वजन दोनशे किलोच्या वर, आणि मी चपलेसकट पाच फूट एक इंच. गाडी पळत असली की मी राणी. पण पुढे कुणाची म्हैस आडवी आली की माझ्या पायाचा एक अंगठा कसाबसा जमिनीला लागायचा आणि गाडी कलायला लागायची. मी शिकत होते तेव्हा आमचे हे आधी पुढे जाऊन बांधापाशी उभे राहायचे, मी थांबले की धावत येऊन गाडी धरायचे. फुलं तोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसू देत म्हटलं, त्यांना कुठं गियर माहीत आहेत!

आमचा फुलांचा मळा पेठ रोडला, नाशिकच्या जरा बाहेर. हे कंपनीत मेंटेनन्सला. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली आणि घेतल्यापासून एकदाही सर्व्हिस सेंटरला नेली नाही. "माझ्या गाडीला परका हात नको," असला माज. रविवार आला की फुलांच्या शेडमध्ये गाडी, खाली गोणपाट, आणि उजेडाला बॅटरी धरायला मी. आधी मी नुसती बॅटरी धरायचे. मग 'दहा नंबर दे', 'बारा नंबर दे' करता करता कोणता पाना कुठं लागतो ते मला न सांगता कळायला लागलं. एक दिवस ऑइल मीच बदललं आणि मला इतका आनंद झाला की सासूबाईंना हाताला धरून ते काळं ऑइल दाखवायला नेलं. त्या म्हणाल्या, "शी! आणि याच हातानं भाकरी करशील?"

मग ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. मणक्यातली गादी सरकली होती. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, आणि पुढं झुकून हँडल धरायची ती गाडी तर विसराच. सुरुवातीला हे शेडमध्ये खाटेवर आडवे पडून मला सांगायचे आणि मी करायचे. चेन साफ केली, ब्रेक पॅड बदलले, कूलंट भरलं. पण महिन्यांमागून महिने गेले तसं त्यांचं सांगणं कमी होत गेलं. पुढं पुढं तर शेडकडे बघायचंच त्यांनी सोडलं. एकदा गाडीवर ताडपत्री टाकलेली दिसली. मी टाकली नव्हती.

घटस्थापनेच्या दिवशी जेवताना सहज म्हणाले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येवल्याचा एक जण येतोय गाडी बघायला. पसंत पडली तर देऊन टाकू."

माझा घास हातातच राहिला. "आणि मला विचारलंत?"

"तू काय करणार तिचं? तुला ती थांबवता तरी येते का?"

अस्सा राग आला ना! खरं बोलले होते म्हणून जास्त आला. मी ताट सरकवलं आणि म्हटलं, "आणि थांबवता आली तर?"

ते हसले. कितीतरी दिवसांनी हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. म्हणाले, "तो यायच्या आत सावळघाट चढून पेठला जा आणि परत ये. एकटी. गाडी पाडायची नाही. मग नाही विकत."

"शब्द?"

"शब्द."

सासूबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "इकून टाका रे ती अवदसा. पोराची पाठ खाल्ली, आता सुनंचे पाय खाईल." पाठ गाडीनं नव्हती गेली, खताच्या गोणीनं गेली होती. पण ते त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

तर आता प्रश्न एवढाच होता की गाडी उंच होती आणि मी बुटकी. माझी उंची वाढणार नव्हती. म्हणजे गाडीच खाली आली पाहिजे. मी मोबाइलवर व्हिडिओ बघितले, पुन्हा पुन्हा बघितले, आणि मला कळलं की हे जमण्यासारखं आहे. मागच्या शॉकखाली लोखंडाच्या दोन पट्ट्या असतात. त्यांच्या जागी थोड्या लांब पट्ट्या टाकल्या की गाडीचं मागचं अंग खाली बसतं. सीटचा फोम कापला की आणखी इंचभर. अहो, मला तर झोपच येईना! पट्ट्या मागवल्या. गाडीचं मागचं अंग शेडच्या आडव्या पाइपाला दोरानं टांगलं. दिवसभर झेंडू तोडायचा, संध्याकाळी गाडीखाली शिरायचं. दसऱ्याचा झेंडू म्हणजे फुलवाल्यांची मरणाची घाई, पण अंगात नुसतं वारं भरलं होतं. फोमवर खडूनं रेघ मारली आणि आमच्या भाजी कापायच्या विळीवर धरून कापला. सासूबाईंनी विळी दोनदा घासून घेतली आणि दोन्ही वेळा माझा उद्धार केला.

हे शेडकडे फिरकत नव्हते. पण एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "नुसतं मागून खाली केलंस तर ती वळणार नाही. पुढच्या चाकाचे दांडे, फोर्क, तेही तेवढेच वर सरकव." आणि निघून गेले. मी गाडीखाली पडल्या पडल्या एकटीच हसले.

सगळं झालं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. बसून बघितलं आणि ओरडलेच, दोन्ही पाय! टाचा जरा उचललेल्या, पण दोन्ही पाय! रस्त्यावर काढायला मात्र वेळच नव्हता, कारण झेंडू पंचवटीच्या बाजारात न्यायचा होता. दसऱ्याला पहाटे भाव चांगला असतो आणि ऊन वर आलं की कोसळतो, तसा तो कोसळला. निम्मे कॅरेट भरलेलेच परत आले.

उरलेल्या फुलांचं करायचं काय? सासूबाईंनी हार केले. असे तसे नाही, मांडीएवढे जाड. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पाटावर खुरपी, विळे, कुऱ्हाड, आणि त्यांच्या शेजारी माझे पाने, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क रेंच, सगळ्यांना हळद-कुंकू. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी अक्षता टाकून हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही सुट्टी, असा घरचा नियम. मी नव्यानं लग्न होऊन आले तेव्हा चुकून विळा उचलला होता, तर सासूबाई दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

गाडी मी अंगणात आणून साइड स्टँडवर लावली. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फुटला. सासूबाईंनी पहिला हार हँडलला घातला, दुसरा उजव्या आरशाला. डावी बाजू भिंतीकडे होती, मग तिकडे कोण बघणार, म्हणून तिसराही उजव्या आरशालाच. वर आणखी एक. पहाटे बाजारात नेताना पाणी मारलेली ओली फुलं ती, वजन काय विचारता! सासूबाई आरतीचं ताट आणायला वळल्या आणि गाडी सावकाश, अगदी सावकाश, उजवीकडे झुकायला लागली.

मी धावले. पोचले नाही. गाडी शेजारी लावलेल्या झेंडूच्या कॅरेटांवर आडवी झाली आणि अंगणभर फुलं उधळली.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारून घेतला. गाडी दोन इंच खाली आणली, पण साइड स्टँड तेवढाच लांब राहिला होता! लांब स्टँडमुळं गाडी डावीकडे झुकून उभी राहण्याऐवजी जवळजवळ सरळ उभी होती, आणि आम्ही फुलवाल्यांनी तिच्या उजव्या कानात पाच-सहा किलो झेंडू अडकवला होता. असला अपघात जगात दुसऱ्या कुणाचा होत असेल असं मला वाटत नाही.

हे धावत आले आणि वाकून हँडल धरायला गेले. मी किंचाळलेच, "हात लावायचा नाही! पाठ!" ते जागच्या जागी थांबले. त्यांचा चेहरा मला बघवेना. सीटला पाठ लावून, गुडघ्यांत जोर घेऊन, एक एक पाऊल मागं रेटत मी गाडी उचलायला लागले आणि दुसऱ्या टोकाकडून सासूबाईंनी पदर खोचून कॅरेटांसकट रेटा दिला. गाडी उभी राहिली. फुलांमुळं खरचटलंही नव्हतं. फक्त पुढच्या ब्रेकचा लिव्हर मधोमध मोडला होता.

"झालं," हे म्हणाले. "बस झालं आता. तू खाली सापडली असतीस तर? उद्या तो आला की देऊन टाकतो."

"मी पाडलेली नाही! शब्द दिलाय तुम्ही!"

"लिव्हर कुठाय? ब्रेकशिवाय घाट उतरणार?"

लिव्हर होता. जुना, कंपनीचा. मध्ये ह्यांनी फॅन्सी आखूड लिव्हर बसवले तेव्हा काढलेला बिस्किटाच्या डब्यात होता. एक बोल्ट, एक नट, पाच मिनिटांचं काम. पण दहा नंबर पाना पाटावर होता, हळद-कुंकू लावून. पूजा सकाळीच हलायची, आणि मला उजाडताच निघायचं होतं. बसवून, नीट तपासून बघायला आजचाच दिवस होता. मी पाटाकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं आणि बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन बसले. रडू फुटायच्या बेतात होतं, खोटं कशाला सांगू.

सासूबाई उठल्या. चिमूटभर अक्षता घेतल्या, पाटावर टाकल्या, पाट जरासा हलवला. मग पाने एक एक उचलून बघत मला विचारलं, "यातला कोंचा?"

"आई, उद्या सकाळी..."

"माझ्या हारानं पडली नाय का? मंग माझ्याच हातानं हलवते. कोंचा ते सांग, लय बोलू नको."

मी दहा नंबर दाखवला. त्यांनी तो पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. मी वाकून पाया पडले तर म्हणाल्या, "पाया काय पडती, नट आवळ."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघाले. पहिले दहा किलोमीटर हँडल नुसतं आवळून धरलं होतं. मग रस्ता मोकळा झाला, गाडीनं सूर धरला आणि मी हेल्मेटच्या आत चक्क गायला लागले. सावळघाटात पहिल्या वळणाला कच खाल्ली, दुसऱ्याला कमी, तिसऱ्याला गाडी मी बघेन तिकडं वळायला लागली. ह्यांनी फोर्क सरकवायला सांगितलं ते किती बरोबर होतं! आणि मग ऐन चढावर, वळणाच्या तोंडाशी, पुढचा ट्रक घर्रकन थांबला. हेच, याच क्षणाला मी इतकी वर्षं घाबरत होते. ब्रेक दाबला. पाय खाली सोडले.

टेकले. दोन्ही!

चढावर, एकटी, दोनशे किलो घेऊन मी उभी होते आणि मला धरायला कुणी नव्हतं. ट्रकवाल्याच्या क्लीनरनं मागं वळून बघितलं तर मी त्याला हात केला. त्यानं काय समजलं असेल ते असो. पेठला चहा मात्र गाडीवर बसूनच प्यायले, कारण स्टँड लावायची सोय नव्हती. चहावाला म्हणाला, "उतरा की ताई." म्हटलं, "नको दादा, आज उतरायचंच नाही."

घरी आले तर येवल्याचा माणूस ठरल्या वेळेच्या आधीच येऊन बसलेला. मी खुरप्यानं अंगणात दोन इंच खोल खड्डा उकरला, त्यात स्टँड टेकवला, गाडी छान डावीकडे झुकून उभी राहिली. तो माणूस सहा फुटी. गाडीवर बसला तर त्याचे गुडघे टाकीच्या वर. "साहेब, ही एवढी खाली कुणासाठी केलीय हो?"

"हिच्यासाठी," हे म्हणाले.

"मग विकताय कशाला?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं बोलून झालं होतं, पेठपर्यंत. मग ते त्या माणसाला म्हणाले, "चुकलं माझं, दादा. तुम्हाला उगाच हेलपाटा झाला. चहा घेऊन जा."

तो गेला तसे हे गाडीजवळ आले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सीटवर हात ठेवला. पुढच्या नाही, मागच्या. हात तसाच ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "मागं बसणाऱ्याला वाकावं लागत नाही ना गं? सरळच बसायचं असतं?"

"सरळच."

"मग पाठ टेकायला काही बसवता येईल का तिथं?"

मी म्हटलं, "हलू नका, टेप आणते." त्यांना अंगणातल्या स्टुलावर ताठ बसवलं, शर्ट वर केला, आणि कमरेच्या पट्ट्यापासून ऑपरेशनच्या व्रणाच्या वरपर्यंत टेप लावली. साडेनऊ इंच भरलं.