लोहारगल्लीतला हौद

तिचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा, कारण खालच्या सामाईक नळाला पाणी तेव्हा यायचं. दोन जिने, सहा बादल्या. सासूबाई वर पिंपाशी उभ्या असायच्या आणि पाचव्या बादलीला हमखास म्हणायच्या, "ही अर्धीच आणलीस गं." सहाला ती संग्रहालयाच्या मागच्या दारात हजर असायची.

शहराचं संग्रहालय म्हणजे मूळचं धान्याचं कोठार. कुणा डॉक्टरनं मरताना आपली तीनशे कुलपं शहराला दिली, किल्ल्या मात्र शंभरसुद्धा नव्हत्या. ती ठेवायला जागा हवी म्हणून कोठार रिकामं केलं. मग जुनी वजनंमापं आली, आग विझवायची पहिली हातगाडी आली. एका विधवेनं नवऱ्याचे पेंढा भरलेले पक्षी आणून दिले आणि म्हणाली, आता घरात जरा हवा खेळेल. पण लोक यायचे ते मधल्या दालनातलं लाकडी शहर बघायला. एका मोजणीदारानं निवृत्तीनंतर गल्लीन्‌गल्ली साखळीनं मोजून अकरा वर्षांत ते उभं केलं होतं. सोळा फूट लांब, अकरा फूट रुंद, चार हजारांवर घरं. मोठ्यातलं मोठं घर काड्यापेटीएवढं.

या शहराची धूळ काढणं हे तिचं काम. म्हणून सगळे तिला कुंचाबाई म्हणत.

ज्यांना हे काम हलकं वाटतं त्यांनी एक दिवस करून बघावं. शहरावर आडवी फळी टाकायची, तिच्यावर पालथं पडायचं, डाव्या कोपरावर भार घ्यायचा आणि उजव्या हातातल्या मऊ कुंच्यानं एकेक छप्पर झाडायचं. तोंडाला फडकं, बोटातली अंगठी खिशात. शहराचे छत्तीस चौकोन, रोज दोन. अठरा दिवसांनी पुन्हा पहिला. कोपराला घट्टा पडला होता.

एकदा फळीवर असतानाच तिला शिंक आली. शिंक फडक्यात अडली, हात काही अडला नाही. नखाएवढा एक हौद उडाला आणि घरांच्या दोन रांगांमध्ये जाऊन पडला. एका बाजूला लोहारगल्ली, दुसऱ्या बाजूला दोरवाल्यांची गल्ली. आता हा कुणाचा? तिनं विचार केला: तापलेलं लोखंड बुडवायला पाणी लागतं, म्हणजे हौद लोहारांचाच. संग्रहालयाच्या सुताराकडून तिनं सरस आणला आणि हौद लोहारगल्लीत बसवला.

अठरा दिवसांनी फळी उलट्या बाजूनं पडली तेव्हा दोरवाल्यांच्या गल्लीत नखाएवढा गडद डाग दिसला. छतातल्या उजेडानं सगळ्या रस्त्यांचा रंग विटला होता, तेवढीच जागा हौदाखाली राखली गेली होती. तिला मग सुचलं, दोर वळणाऱ्यालाही वाख भिजवावा लागतोच की. पण सरस दगडासारखा झाला होता. ओढला असता तर शेजारची दोन घरं हातात आली असती. ती मूग गिळून बसली. नऊ वर्षं.

मग संग्रहालयाला शंभरावं वर्ष लागलं. नव्या प्रमुख, सगळ्यांच्या मॅडम, हौसेनं कामाला लागल्या. लाकडी शहर बघून त्यांनी टिपण लिहिलं आणि नगरपालिकेनं ठरवलं की लोहारगल्लीत एक शिळा बसवायची: इथे शहराचा जुना हौद होता.

कुंचाबाईच्या निवृत्तीला चौदा महिने होते. तेवढ्या पगारांवर एक खोली अडकली होती, तीही नेमकी खऱ्या लोहारगल्लीत. नोकरी गेली तर खोली गेली. जेवताना ती सुताराशी बोलली.

"गप्प बसा," सुतार म्हणाला. "हौद काही उठून तक्रार करणार नाही. आणि सरस माझा होता, म्हणजे माझंही नाक त्यात चिकटलंय."

"दादा, शिळा कोण कोरणार?"

"कोरेल कुणी पाथरवट."

"पंधरा दिवस छिन्नी मारेल तो. चुकीच्या गल्लीसाठी."

सुतारानं डब्याचं झाकण लावलं. स्वतःची चुकीच्या मापाची एक फळी त्याला आठवली असावी. "जा मग," तो म्हणाला. "पण सरस बाजारचा होता म्हणून सांगा."

ती मॅडमकडे गेली आणि तिनं सगळं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "पुरावा काय?"

"चपला काढा आणि फळीवर झोपा."

इस्त्रीच्या कपड्यांतल्या मॅडम फळीवर पालथ्या पडल्या. मग खालून आवाज आला, "दिसला डाग. हौद तंतोतंत बसेल यात." जरा वेळानं, "माझा कोपर गेला हो. रोज किती वेळ असता अशा?"

"अडीच तास. आणि मॅडम, शिंकू नका."

पाथरवटाचं काम त्याच दुपारी थांबलं. सुतारानं गरम पात्यानं सरस सोडवला. त्याला दोन दिवस लागले, पण एकही घर हललं नाही. कुंचाबाईला लेखी समज मिळाली. ती तिनं घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा हजर झाली. लाकडी शहराखालच्या पाटीवर मॅडमनी एक ओळ वाढवली: हा हौद नऊ वर्षं लोहारगल्लीत राहून आला आहे.

चौदा महिन्यांनी ती राहायला गेली तेव्हा समोरची म्हातारी दारातच होती.

"आमची शिळा घालवलीत ती तुम्हीच ना?"

"मीच, मावशी."

"बरी शेजारीण मिळाली."

"शिळेला पाणी थोडंच येणार होतं? लागलं तर बादली घेऊन या."

एकतीस वर्षांच्या पगारातून ती खोली झाली. दहा बाय बारा, एक खिडकी आणि आत स्वतःचा नळ. पहिल्या सकाळी ती सवयीनं पावणेपाचला उठली, नळ सोडला आणि बादली काठोकाठ भरू दिली. सासूबाई कॉटवरून बघत होत्या.

"ही भरली हो," त्या म्हणाल्या.