शंभराच्या वर गेलेलं गाव

मी उपकेंद्रातली नर्स. गाव अंबड तालुक्यातलं, कापूस-सोयाबीनचं. दर महिन्याला तालुक्याच्या मीटिंगमध्ये गावागावाची लसीकरणाची टक्केवारी वाचून दाखवतात. सुई म्हटलं की जिथल्या बाया लेकरं घेऊन शेताकडं पळायच्या, तिथला आकडा वर्षागणिक वर चढताना मी पाह्यला, आन् खरं सांगते, मला त्याचा माज आल्ता. एका महिन्यात तर आमचं गाव शंभराच्याही वर गेलं. मी पदर सावरून कौतुकाची वाट बघत बसले.

डॉक्टरसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "सिस्टर, जन्मली त्याच्यापेक्षा जास्त लेकरं टोचली तुम्ही?"

सगळ्याजणी खिदळल्या. मला असा राग आला म्हणता! गावात घरोघरी फिरणारी आशाताई सोबत होती, तिच्याशी बसमध्ये मी एक शब्द बोलले न्हाई. तिची काय चूक? पण राग कुणावर तरी काढावाच लागतो.

केंद्रावर येऊन वही उघडली, मंग घोळ सापडला. बाळंतपणाला आलेल्या माहेरवाशिणींची लेकरं आम्ही टोचली, ती आमच्याच आकड्यात बसली होती. पाव्हण्यांनी पंगत वाढवलेली. आन् आमच्या गावच्या सुना बाळंतपणाला गेल्या, त्यांच्या लेकरांपुढं मीच पेन्सिलीनं लिहिलेलं, 'माहेरी'. एकदा माहेरी लिहिलं की त्या घरी कुणी जात न्हाई. एका पोरीपुढं हा शब्द दहा महिने तसाच होता. त्यात शेजारच्या वस्तीवर गोवर निघालेला.

आशाताईला घेऊन तशीच निघाले. शाळेमागच्या त्या पोरीच्या घरी ओट्यावर तिच्या आईच्या सासूबाई शेंगा निवडत होत्या, आन् पोरगी त्यांच्या पदराशी खेळत होती.

"ही माहेरी आहे ना?" मी येड्यासारखं विचारलं.

"तुमच्या वहीत असंल," सासूबाई म्हणाल्या. "हितं तर पाच महिने झाले, ओटाभर रांगून राह्यली. तिच्या आईच्या माहेरच्या नर्सबाई म्हणल्या, सासरी टोचतील. आमाला वाटलं, तुमी बोलवाल."

तिकडच्या वहीत 'सासरी', माझ्या वहीत 'माहेरी', आन् पोरगी दोन्हीकडून उपाशी. जन्मताना दिलेल्या लसींनंतर तिला काहीच मिळालं नव्हतं. मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी लसीचा डबा मागवला आन् गोवराची सुई आधी दिली, मंग मागं राहिलेल्या सुरू केल्या. पोरीनं गाव डोक्यावर घेतलं. वस्तीवरचा गोवर ओसरेपर्यंत मी रोज त्या घरावरून चक्कर मारली. ती ठणठणीत राह्यली.

पुढच्या मीटिंगला पाव्हणी लेकरं वेगळी मांडली. आकडा शंभराच्या खाली आला.

"घसरलं की तुमचं गाव," साहेब म्हणाले.

"घसरलं न्हाई साहेब, जाग्यावर आलं," मी म्हटलं. त्या दिवशी मीटिंगचा पांचट चहासुद्धा मला गोड लागला.

नुसतं 'माहेरी' लिहायचं मी सोडलंय. तिथं आता त्या गावच्या नर्सचा फोन नंबर असतो. परवा त्याच सासूबाई केंद्रावर आल्या. धाकट्या सुनेला बाळंतपणाला पोचवून थेट आल्त्या, पिशवीसुद्धा खाली ठेवली न्हाई.

"सून गेली माहेरी," त्या म्हणाल्या, "पण होणारं लेकरू वहीत हितंच लिव्हा, बाई."