मुलाणीचाचांचे दोन डबे

मुलाणीचाचा सकाळी कारखान्याच्या गेटवर माणसाला अडवायचे आणि विचारायचे, "तुजं मत सध्या कुटं हाय?" सैन्यात गेलेल्या मुलाची चौकशी करावी तसा सूर. नवा माणूस गोंधळायचा. जुने हसून म्हणायचे, "दिलं की चाचा मागंच." त्यावर चाचा म्हणायचे, "दिलंस रं, पर पोचलं का? कुरिअर टाकलं की दहादा फोन करून इचारतोस." आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या माणसाकडे वळायचे.

थांबणं त्यांना जमत नसे. चहा चालत प्यायचे, डबा उभ्यानं खायचे, आणि आम्ही बसा म्हटलं की सांगायचे, "बसलो की गुडघं म्हंत्यात, आता आमचं राज्य." मूळचे चाकणजवळच्या गावचे. घरची शेती रस्त्यात आणि कंपन्यांत गेली, म्हणून तरुणपणी भोसरीला आले आणि आमच्या टूलरूममध्ये चिकटले. आम्ही गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवायचो. मी तपासणीला होते. आमचा जुळणी विभाग आणि त्यांची टूलरूम मिळून एकेचाळीस माणसं, त्यांत बायका जास्त. युनियनच्या दृष्टीनं हा सगळा एकच विभाग होता आणि त्याचे प्रतिनिधी चाचा होते.

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली तेव्हा त्यांनी आम्हाला पंधरा दिवस छळलं. वर्तमानपत्राचं कात्रण खिशात घेऊन ते टेबलाटेबलांवरून फिरत होते. एकदा माझ्यासमोर येऊन म्हणाले, "मंदाताई, जल्म कधीचा तुमचा?"

"चौऱ्याहत्तरचा. का?"

"मग तुमी त्यात न्हाईच!" त्यांना मनापासून आनंद झाला. "आपल्या एका आमदाराचं मत पावणेदोनशे धरत्यात. ते कशावरनं काढलंय? एकाहत्तरच्या जनगणनेवरनं. तवा मी पाच वर्षांचा होतो. मंजी त्या पावणेदोनशेत मी हाय, माजी आई हाय. तुमी न्हाई. तुमाला दिल्लीनं अजून मोजलंच न्हाई."

"चाचा, आत्तापर्यंत एकाही राष्ट्रपतीनं माझी शिफ्ट बदलून दिलेली नाही. मोजलं काय, न मोजलं काय."

"मोजायचं सोडा. मी आमदार निवडला. त्यानं आत जाऊन गुपचूप चिठ्ठी टाकली. कुणाला टाकली? पक्षालासुदा ठावं न्हाई. मग माजं मत पोचलं का वाटंत सांडलं, ह्ये मी कुणाला इचारू?"

"आमदाराला विचारा."

"गेल्तो. त्यो म्हनला, चाचा, चहा घ्या."

आम्ही हसलो. चाचा हसले नाहीत. कात्रणाची घडी घालत म्हणाले, "दिल्लीचं आपल्या हातात न्हाई. पर हितं आपली पद्धत तीच हाय का न्हाई?"

होती. आमच्या युनियनमध्ये कामगार थेट अध्यक्ष निवडत नसत. नऊ विभागांचे नऊ प्रतिनिधी निवडायचे आणि त्या नऊ जणांनी बंद खोलीत अध्यक्ष ठरवायचा. बाकीचे आठ प्रतिनिधी आपल्या मर्जीनं मत देत. चाचांनी मात्र स्वतःची एक रीत घातली होती. अध्यक्षाच्या निवडीच्या आदल्या दिवशी ते विभागातल्या प्रत्येकाला एक वायसर देत, नट-बोल्टखाली घालतात ती चपटी चकती. टूलरूमच्या मागच्या कपाटाआड दोन डबे ठेवलेले असत. त्यांवर उमेदवारांची नावं. जेवणाच्या सुट्टीत एकेकानं आत जायचं आणि पाहिजे त्या डब्यात वायसर टाकायचा. डब्यांच्या तळाशी त्यांनी तेलाच्या चिंध्या घातल्या होत्या, म्हणजे आवाजावरून कुणी कुठं टाकला ते बाहेर कळू नये. ज्या डब्यात वायसर जास्त, त्याला चाचांचं मत. एखादा म्हणायचाच, "चाचा, एवढा खेळ कशाला? तुम्ही ठरवा की." चाचा त्याच्या हातात वायसर कोंबून पुढे जात.

कारखाना भोसरीहून चाकणला हलवायचं ठरलं त्या वर्षीची गोष्ट सांगते. नव्या अध्यक्षानं कंपनीशी करार करायचा होता. उभे होते दोघे. तानाजी हा चाचांचा वीस वर्षांचा दोस्त, एका ताटात जेवणारा. त्याचं म्हणणं, बायकांसाठी कंपनीची बस मिळाल्याशिवाय सही नाही. दुसरे पोपटराव. ते म्हणायचे, ताणून धरलं तर कारखाना चाकणला जायच्या ऐवजी गुजरातला जाईल, आधी सही करू, बसचं मागाहून बघू. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. तरुण पोरांना त्यांचं पटत होतं, कारण पोरांकडे मोटारसायकली होत्या.

मला बस हवी होती. मी पिंपळे गुरवला राहते. माझ्याच गल्लीतली सुनंदा शेजारच्या टेबलावर काम करायची. तिची दोन लहान मुलं. पहिली शिफ्ट सातची. बस नसेल तर पिंपळे गुरव ते भोसरी, भोसरी ते चाकण आणि चाकणच्या चौकातून पुढे शेअर रिक्षा, अशा तीन गाड्या बदलायच्या. सुनंदा म्हणाली होती, "मंदाताई, बस नाही तर माझी नोकरी नाही. सरळ हिशेब आहे."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सात जणी शेडमागच्या सावलीत डबे उघडून बसलो होतो. वायसर ॲप्रनच्या खिशात होते. कुणीतरी म्हणालं, "चला, टाकून येऊ." मी म्हणाले, "बसा गं. चाचांचं मत कुणाला हे साऱ्या भोसरीला माहीत आहे. आपल्या वायसरनं काय होणार?" सुनंदा म्हणाली, "चाचा आहेत ना." तिनं लोणच्याची बाटली फिरवली. भोंगा झाला आणि आम्ही कामावर गेलो.

पोपटरावांच्या डब्यात अठरा वायसर निघाले, तानाजीच्या डब्यात सोळा.

दुसऱ्या दिवशी बंद खोलीत पोपटराव पाच विरुद्ध चार मतांनी निवडून आले. खोलीतून बाहेर येताच चाचांनी सगळ्यांसमोर तानाजीला सांगितलं, "माजं मत तुला न्हवतं." तानाजीनं त्यांच्याकडे बघितलं, टोपी घातली आणि निघून गेला. पोपटरावांनी पहिल्याच आठवड्यात सही केली. त्यात बस नव्हती.

मी टूलरूममध्ये गेले ती तणतणतच. चाचा पान्यांच्या फळीसमोर येरझाऱ्या घालत होते.

"चाचा, आम्हाला काय हवं होतं ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"व्हतं."

"तुम्हाला स्वतःला काय हवं होतं?"

"त्येच."

"मग?"

"डब्यात न्हवतं, मंदाताई."

"डबा काय देव आहे? सात वायसर आले नाहीत हे दिसलं नाही तुम्हाला? सातही कुणाचे ते ठाऊक होतं."

"दिसलं. रातभर त्येच दिसत व्हतं." ते फळीपाशी थांबले. त्यांना थांबलेलं मी क्वचितच बघितलं. "तुमच्या मनातलं मी धरलं आसतं, तर उद्या दुसऱ्याच्या मनातलंबी धरलं आसतं. मग डबे कशाला ठेवायचे? अठरा पोरांनी माज्यावर इस्वास टाकून आत जाऊन वायसर टाकला. त्येंना मी काय सांगू? बायका सावलीत बसल्या व्हत्या, म्हनून तुमचं मत रद्द?"

माझा राग जास्तच वाढला. म्हणाले, "सुनंदाची नोकरी जाईल."

"जाईल," चाचा म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले.

सुनंदानं चार महिने तीन गाड्या बदलल्या. पहाटे पाचला मुलांना झोपेतून उठवून जावेकडे सोडायची. मग तिनं काम सोडलं. आता घरीच शिवणकाम करते. मला ती एका शब्दानं बोलली नाही. बसा गं, हे मी म्हणाले होते, ती नव्हे. हे आम्हा दोघींनाही माहीत आहे, आणि गल्लीत भेटलो की आम्ही मुलांच्या शाळेविषयी बोलतो.

चाचा बरोबर होते की नाही, याचा निकाल माझ्याकडून आजवर लागलेला नाही. कधी वाटतं, माणूस नुसता हट्टी होता, चांगला दोस्त आणि आमची बस त्यानं दोन वायसरपायी घालवली. कधी वाटतं, आमच्या सगळ्या आयुष्यात आमचं मत जिथं टाकलं तिथंच पोचवणारा तो एकच माणूस भेटला, आणि आम्ही नेमकं त्याच्याकडे काही टाकलंच नाही. तानाजी त्यांच्याशी पुन्हा बोलला नाही. चाकणच्या नव्या शेडमध्ये चाचा दोन वर्षं होते. मोठी शेड, चालायला भरपूर जागा. पण गेटवरचा प्रश्न त्यांनी बंद केला होता.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. आत दोन्ही डबे होते, चिंध्यांसकट. "मी उभी राहणार नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"म्या कुटं म्हनलं? जड हाईत, घरी कोन न्हेणार?"

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. बाजारातून कांद्याची पिशवी घेऊन घरी चालले होते, वाटेतच गेले. मातीला गेलेले लोक सांगत होते की तानाजी लांब रस्त्यापलीकडे उभा होता.

शेवटी चाचांच्या जागी प्रतिनिधी म्हणून मी उभी राहिले, निवडूनही आले. बस अजून नाही. उद्या नवा अध्यक्ष ठरायचा आहे आणि एका उमेदवारानं बस मागणार म्हणून सांगितलं आहे. दुसरा ओव्हरटाइम वाढवून देतो म्हणतो, आणि पोरांना ओव्हरटाइम हवा आहे. माझं मत कुणाला, हे साऱ्या चाकणला माहीत आहे.

आज जेवणाच्या सुट्टीत मी उभ्यानंच पोळी खाल्ली आणि टेबलाटेबलांवरून फिरले. सुनंदाच्या जागेवर आता एक नवी मुलगी आहे, तीही तीन गाड्या बदलून येते. वायसर बोटात अंगठीसारखा फिरवत बसली होती.

"टाकला नाहीस?"

"मॅडम, तुम्ही आहात ना. तुमचं मत बसलाच जाणार."

"माझं मत डब्यात जास्त जे असेल त्याला जाणार. ऊठ."

"आणि दुसराच डबा भरला तर?"

"तर त्याला."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग चिडून उठली आणि कपाटाआड गेली. मी बाहेर उभी राहून कान दिला. चिंध्या अजून तशाच आहेत. काही ऐकू आलं नाही.