काड्यापेट्यांची वाडी

कुठेही शिरला की तो आधी एक डोळा मिटायचा, हाताचा पंजा तिरका धरायचा आणि समोरच्या उतारावर रोखायचा. उतार कसलाही चालायचा. चाळीचा जिना, वाण्याकडचा तांदळाचा ढीग, माझ्या बायकोने फळीवर रचलेली भांडी. मग मान हलवून म्हणायचा, "येणार. खाली येणार."

"कधी रे?" आपण घाबरून विचारावं.

"ते नाही सांगता येत. आज, किंवा आणखी दोनशे वर्षांनी."

असा माणूस तुम्ही घरात घ्याल का? आम्ही घ्यायचो, कारण तो शेजारच्याच खोलीत राहायचा आणि न बोलावता यायचा.

लालबागच्या आमच्या चाळीत पीएचडी झालेला तो पहिलाच. आम्ही पेढेबिढे वाटले, हार घातला. पण दुसऱ्या सोमवारी तो पुन्हा खांद्याला पिशवी लावून संशोधनाला निघाला, तेव्हा अख्खा मजला बुचकळ्यात पडला. "हे पीएचडीच्या पुढचं," तो सांगायचा. "पास झालाय ना नक्की?" माझी बायको मला हळूच विचारायची.

संस्थेतल्या संगणकात त्याने म्हणे हिमालयातला एक डोंगर उभा केला होता. त्यावर तो पाऊस पाडायचा, भूकंप आणायचा, हजारो वर्षं उलटवायचा आणि कडा कुठून सुटेल, दरड कुठवर जाईल ते बघत बसायचा. डोंगर मनासारखा कोसळला की स्वारी शीळ घालत घरी यायची. उभा राहिला की जेवणावर राग.

एकदा मिरची कुटून घ्यायला मी त्याला डंकावर सोबत नेलं. तिथे तिखटाचा हा एवढा ढीग. मी पिशव्या सावरेपर्यंत याने पंजा धरला, वाकला आणि ढिगाच्या पायथ्याला एक बोट लावलं. ढिगाची एक बाजू सावकाश खाली आली. "बघितलंस?" तो आनंदाने ओरडला. पुढचं ऐकू आलं नाही, कारण तोवर सगळं दुकान शिंकत होतं. डंकवाल्याने आम्हाला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्याचं हे वेड आम्हाला करमणुकीचं होतं, पण त्याच्या वडिलांचा जीव त्यापायी कासावीस व्हायचा. ते गिरणीत साच्यावरचे, म्हणजे मागावरचे. संपात गिरणीबाहेर पडले ते कायमचे. त्यानंतर दिवसभर चाळीच्या तोंडाशी बाकड्यावर बसून असायचे, आणि येणारा-जाणारा हमखास विचारायचा की मुलगा काय करतो.

"झील काय करता म्हणान लोक इचारतत. काय सांगू?" एके दिवशी त्यांनी आमच्यासमोरच मुलाला धरलं. "मी साच्यार आसंय म्हटला की लोकांका समजायचा. तुझा काय?"

"बाबा, डोंगर कसा झिजतो, कुठे घसरतो..."

"डोंगर झिजता तां बघूक पगार देतत?"

हजारो वर्षं उलटवणारा हा गडी त्या प्रश्नापुढे नखं कुरतडत बसला. मला त्या दोघांचीही दया आली. म्हाताऱ्याला फक्त एक वाक्य हवं होतं, बाकड्यावर बसून ताठ मानेने सांगता येईल असं, आणि मुलाला नेमकं तेच जमत नव्हतं.

दिवाळीत आमच्या गल्लीत किल्ल्यांची स्पर्धा असते. समोरच्या चाळीचं कारंजं आणि रंगीत दिवे दरवर्षी बक्षीस घेऊन जायचे. मी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी. म्हटलं, हिमालयाचा माणूस चाळीत असताना आपण का हरायचं? किल्ला त्याच्या हवाली केला. माझ्या अकलेचं कौतुक तुम्हीच करा.

बंद गिरणीच्या मागून त्याने माती आणवली. आईच्या पिठाच्या चाळणीने ती चाळली आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. डोंगराच्या अर्ध्या भागावर मोहरी पेरली, अर्धा मुद्दाम उघडा ठेवला. महाराजांना हिरव्या बाजूला बसवलं. पायथ्याशी काड्यापेट्यांची एक वाडी वसवली, मग डोळा मिटून पंजा धरला, खडूने जमिनीवर रेषा ओढली आणि सगळी वाडी उचलून रेषेपलीकडे नेली.

परीक्षक आले. पांढरेशुभ्र कपडे, नव्या कोल्हापुरी चपला.

"साहेब, जरा रेषेच्या मागे उभे राहता का?" याने विनवलं.

"मला इथून दिसतंय," साहेब म्हणाले.

याने झारी उचलली आणि सगळ्या डोंगरावर पाणी सोडलं. मोहरीची बाजू जागची हलली नाही. उघडी बाजू आधी फुगली, मग बुरूज, तोफा आणि दोन मावळे घेऊन दणकन खाली आली. चिखल रेषेला टेकून थांबला. वाडी कोरडी. साहेबांच्या चपला मात्र दिसेनाशा झाल्या.

"किल्ला कुठाय?" साहेब किंचाळले.

"होता," हा म्हणाला.

समोरच्या चाळीने शिट्ट्या मारल्या. हा बिचारा उतार, ओल, मुळांची पकड असं काहीबाही पुटपुटायला लागला आणि लोक आणखीच हसायला लागले. आमच्या पोरांनी माना खाली घातल्या. मीही खांबाआड सरकलो.

तेवढ्यात बाकड्यावरून वडील उठले. गर्दी सारत पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि चिखलाकडे, रेषेकडे, त्या काड्यापेट्यांकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे आधी चिखलाच्या वाटेर होते मा?" त्यांनी मुलाला विचारलं.

"हो बाबा."

ते सरळ झाले, साहेबांकडे वळले. "माझ्या झिलान ह्या लोकांका आधी सांगलेलां, हयसून उठा म्हणान. ते उठले म्हणान वाचले. तुमका पण सांगलेलां, तुमी हललास नाय."

लोक खो खो हसले. म्हातारा हसला नाही. एव्हाना खांबाआडून त्याच्याजवळ आलेल्या मला हळू आवाजात म्हणाला, "आमका गिरणीत तेवा कोणी सांगूक नाय रे." समोर त्याचा मुलगा रिकामी झारी धरून उभा होता आणि मनगटाने डोळे पुसत होता.

बक्षीस अर्थात कारंज्याला गेलं.

पुढच्या वर्षी त्याला उत्तरेत, खऱ्याच डोंगरांत काम मिळालं. शेजारची खोली गप्प झाली. आता त्याचा फोन येतो तो आमच्या घरी, कारण मजल्यावर फोन आमच्याकडेच. मी वडिलांना हाक मारतो. ते येतात, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरतात आणि हिमालयापर्यंत आपला आवाज थेट गेला पाहिजे अशा बेताने ओरडतात, "लोकांका सांगलंस मा? उठले ते?"

पलीकडून तो काहीतरी सांगतो. म्हातारा डोळे मिटून ऐकतो.

"उठले? बरां, बरां. आता तू जेव."