हवा कमी आहे

दुपारचं जेवण उरकून मी जरा पडले आहे. डोळा लागतोय न लागतोय. कानात हर्षदचं मघाचं फोनवरचं बोलणं आहे. "आई, बाबा चालवायचे तेव्हा गाडी लिटरला सोळा द्यायची. तुझ्या हातात चौदावर आली. विकून टाकू." उद्या गिऱ्हाईक येणार आहे. गाडी गेली की चिपळूणहून घाट चढून पाटणला बहिणीकडे जाणं संपलं. ती अंथरुणाला खिळलीय, दर आठवड्याला माझी वाट बघते.

बाहेर गाडीपाशी कुणीतरी उकिडवं बसलंय. हे आहेत. जाऊन पाच महिने झाले, पण बनियनला खांद्यावर तेच भोक. पुढच्या चाकावर अंगठा दाबून बघतायत.

"काय करताय?"

"हवा बघतोय. कमी आहे."

"मला वाटलं, मलाच नीट चालवता येत नाही."

"कुमुद, तुला नेहमी असंच वाटतं."

पायाखालची फरशी हलते आणि आम्ही वाशिष्ठीच्या पुलावर आहोत. लग्नाला महिना झालाय. हे सायकल मारतायत, मी मागे कॅरिअरवर, नव्या साडीचा काठ सावरत. ह्यांना धाप लागलीय. मी खाली बघत विचारते, "मी फार जड आहे का हो?"

"नाही गं. मागच्या चाकात हवा कमी आहे. चाक बसलं की रस्त्याला घासत जातं, मग पाय जास्त मारावे लागतात." मागे न बघताच म्हणतात, "गाडीचंही तेच. तिला पाय नाहीत, म्हणून ती पेट्रोल जास्त पिते."

त्या दिवशी मी भूक नाही असं सांगून जेवले नव्हते. ते का, हे ह्यांना कधी सांगितलं नाही. आत्ता सांगते. हे सायकल हळू करतात.

पूल संपतो तिथे आमचं स्वयंपाकघर आहे. हे ओट्याशी उभे राहून बशीतून चहा पितायत.

"दर रविवारी सकाळी पेपर आणायला म्हणून गाडी घेऊन जायचात."

"हवा बघायला जायचो. पेपर काय, चालतही आणता आला असता."

"मग मला का नाही शिकवलंत?"

हे बशी ओट्यावर ठेवतात. "वाटायचं, मी आहे ना."

"किती भरायची?"

"ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला आकडा चिकटवलेला आहे. सकाळी, गाडी थंड असताना भर. पंधरा दिवसांतून एकदा तरी. आणि मीटर लावूनच भरायला सांग, अंगठ्याने कळत नाही."

"तुम्ही तर अंगठाच लावता."

"सवय. लावून बघ."

ओट्याखाली चाक आहे. मी वाकून अंगठा दाबते. रबर कोमट आहे. ह्यांचा हात माझ्या हातावर येतो आणि तसाच राहतो.

फोन वाजतो. खोलीत साडेतीनचं ऊन आलंय.

"आई, ते लोक उद्या अकराला येतायत," हर्षद म्हणतो.

"त्यांना नको म्हणून कळव. गाडी मी ठेवतेय. चाकांत हवा कमी आहे, दुसरं काही नाही."

"कोण म्हणालं?"

मी माझ्या हाताकडे बघते. जेवून हात साबणाने धुतले होते, हे मला पक्कं आठवतंय. उजव्या अंगठ्यावर टायरची काळी पूड आहे, रेषारेषांत मुरलेली. मी ती पदराला पुसत नाही.